अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांसाठी केळशी ते रत्नागिरी

गाण्याच्या तबकड्या रिठ्याच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळत घालू नयेत. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण मी घातल्या होत्या.

लग्न होऊन केळशीला आले त्याचा तो पहिला वैशाख. वय सतरा आणि अक्कल त्याहून बरीच धाकटी. खळ्यात जिकडेतिकडे वाळवणं पसरलेली, आंबापोळीची ताटं, आमसुलं, फणसाचे पापड. घरातली प्रत्येक बाई काही ना काही वाळत घालत होती आणि मी एकटीच हात हलवत फिरत होते. मग मामंजींच्या कपाटातल्या तबकड्या दिसल्या. त्यांवर बोटभर धूळ. नव्या सुनेने काहीतरी करून दाखवावं म्हणून मी त्या एकेक करून रिठ्याने घासल्या, पुसल्या आणि तापलेल्या चिऱ्यांवर ओळीने मांडल्या. वर एक नवी कोरी होती. तिच्यावर धूळ नव्हती, पण एकटीलाच कशाला वगळा म्हणून तिलाही आंघोळ घातली. चहाच्या वेळेला बघते तर सगळ्या तबकड्यांचे द्रोण झालेले. एक द्रोण सपाट करायला मी त्यावर जात्याची तळी ठेवली. त्याचे पुढे काय झाले ते लिहीत नाही.

ती नवी कोरी तबकडी माझ्या नणंदेची, अंबूवन्संची होती. वन्सं ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आलेल्या. गळा गोड, म्हणून मामंजींनी गावाची बोलणी खाऊन त्यांना गाणं शिकवलं आणि मुंबईस नेऊन त्यांच्या एका पदाची तबकडी काढवली. तबकडी घरी आली तेव्हा आमचा ग्रामोफोन स्प्रिंग तुटून मुंबईला दुरुस्तीला गेलेला. तो परत येईपर्यंत मी वाळवण घालून बसले. वन्संनी स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नाही. त्या दिवशी त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. तो द्रोण उचलून त्यांनी त्यात सुपारी ठेवली, आणि गेली पन्नासेक वर्षं त्या त्याच द्रोणातून सुपारी घेतात, माझ्यासमोर, रोज जेवण झाल्यावर. ह्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

यंदा पौषात गुहागरहून निरोप आला, की माळा साफ करताना त्याच पदाची दुसरी प्रत सापडली. मामंजींनी कधीकाळी आपल्या बहिणीला दिलेली. आम्हां सगळ्यांना वाटत होतं ती हरवली. इकडे वन्संचा उजवा कान पार गेलेला आणि डावाही चाललेला. दापोलीचे डॉक्टर म्हणाले, वर्षभर चालेल, मग सांगवत नाही. म्हणजे ऐकायचं तर आत्ताच.

चावीचा ग्रामोफोन गावात अजून एक आहे, पण त्याचा आवाज वन्संच्या कानात शिरणार नाही, आणि त्याची सुई म्हणजे खिळा, असलेली एकुलती एक तबकडी खरवडून काढायची. हवं होतं ते नवं यंत्र, नाजूक सुईचं, कानाला हेडफोन लावून हवा तेवढा आवाज वाढवता येणारं. आमच्या मधूने मुंबईत दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आला. म्हणाला, "आई, हल्लीच्या यंत्रांना तेहेतीस आणि पंचेचाळीस एवढ्याच गती. जुन्या तबकड्यांची अठ्ठ्याहत्तरची कुणी देत नाही." अशात पोफळीच्या वीज कॉलनीतले एक गृहस्थ आमच्याकडे आंब्याची कलमं न्यायला आले. आमचा धंदा कलमांचा, सासऱ्यांपासूनचा. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की कॉलनीतले कुलकर्णी इंजिनियर बदली होऊन चाललेत आणि त्यांचं गाण्याचं यंत्र विकायचंय, त्यावर तिन्ही गती आहेत.

आमच्या ह्यांना मोहोराच्या दिवसांत बाग सोडवेना. मी म्हटलं, मीच जाते. ह्यांनी एवढंच विचारलं, ऊन लागणार नाही ना. मला नाही, तबकडीला.

गुहागर

दापोलीपर्यंत एसटी, तिथून दाभोळ, आणि दाभोळहून लाँचने खाडीपलीकडे धोपावे. ज्यांनी ही खाडी लाँचने ओलांडलेली नाही त्यांना सांगते, की बसायला जागा मिळाली तरी उभंच राहावं. उभं राहिलं की एका बाजूला खाडी आणि दुसरीकडे उघडा समुद्र, दोन्ही एकदम दिसतात. बसलं की समोरच्याची मासळीची पाटी दिसते.

गुहागर म्हणजे आमच्या केळशीची श्रीमंत मावसबहीण. किनारा लांबच लांब आणि त्याला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या, इतक्या दाट की दुपारीही माजघरात असल्यासारखं वाटतं. ह्यांचे आतेभाऊ बाळूभाऊजी अशाच एका वाडीत राहतात. जाऊबाईंनी ओल्या काजूंची उसळ केली होती. आमच्याकडे त्यात गूळ घालतात, ह्या घालत नाहीत. मी दोनदा वाढून घेतली आणि तरीही गुळाचा विषय काढलाच.

जेवण झाल्यावर भाऊजींनी तबकडी आणली. माझ्या हातात देण्याआधी त्यांनी ओटीवरून वाकून आभाळाकडे बघितलं. म्हटलं, भाऊजी, काय बघता. म्हणाले, "ढग आहेत का ते बघतोय, वहिनी. आम्हाला तुमचा इतिहास पाठ आहे." आमच्या घराण्यात बाकी काही पुढच्या पिढीकडे गेलं नाही, पण माझी ती गोष्ट व्यवस्थित पोचलेली आहे. त्यांची अट एकच, खिळ्याची सुई लावायची नाही. मीही मनाशी एक अट घातली. ही तबकडी वन्संनी ऐकेपर्यंत दुसऱ्या कुणी ऐकायची नाही, मी सुद्धा.

आता न्यायची कशी? जाऊबाईंचे दोन पोळपाट मागून घेतले, मध्ये मऊ धुवट पातळ घालून तबकडी ठेवली आणि सुतळीने आवळली. हे गाठोडं मांडीवर घेऊन मी निघाले. चिपळूणच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "आजी, कुणाच्या लग्नाच्या पोळ्या लाटायला निघालात?" मी म्हटलं, नणंदेच्या. त्याने माझं वय बघितलं, मग नणंदेच्या वयाचा हिशेब केला आणि पुढे काही न विचारता तिकीट फाडलं.

पोफळी

चिपळूणपासून गाडी सह्याद्रीकडे तोंड करून चालू लागते. आम्ही किनाऱ्याची माणसं, डोंगराकडे पाठ करून बसणारी. इथे डोंगर एकदम अंगावर येतो. त्याच्या पोटात वीज तयार होते म्हणे. पायथ्याशी कॉलनी, आखून काढलेले रस्ते, सारख्या रंगाच्या चाळी आणि बंगले, आणि भरदुपारी चालू राहिलेले रस्त्यावरचे दिवे. केळशीला आम्ही दिवा लागला की हात जोडतो, ते देवाला की दिव्याला हे सांगता यायचं नाही. म्हटलं, एवढी वीज करता तर आमच्याकडे का येत नाही? कुलकर्णी म्हणाले, इथली बरीचशी आधी मुंबईला जाते. आमची मुलंही तशीच जातात.

कुलकर्णी देशावरचे, सोलापूरकडचे. घरात खोकी बांधलेली, तरी बाईंनी जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा, शेंगदाण्याचं कूट घातलेली वांग्याची भाजी आणि वर शेंगदाण्याची चटणी. आमचा नारळ जिथे जिथे पडतो तिथे तिथे ह्यांचा शेंगदाणा. भाजी फक्कड होती. मी नारळाविषयी एक अक्षर काढलं नाही, गुहागरच्या गुळावरून थोडं शहाणपण आलं होतं.

यंत्र मात्र देखणं. फिरायची ताटली, शेजारी अँप्लिफायर आणि काळे हेडफोन, लोणच्याच्या दोन बरण्यांची झाकणं जोडल्यासारखे. सुई उलटी फिरवली की जुन्या तबकड्यांसाठीची बाजू पुढे येते. कुलकर्ण्यांनी एक सतारीची नवी तबकडी लावून दाखवली, तेहेतीसच्या गतीवर. मी हेडफोन लावले आणि चक्क मान वळवून मागे बघितलं, वादक खोलीत आलाय की काय म्हणून. मग मी म्हटलं, आता अठ्ठ्याहत्तरवर फिरवा.

त्यांनी बटण फिरवलं. ताटली निघाली, जराशी पळाली आणि मग जेवून उठलेल्या माणसासारखी आळसावली. परत फिरवलं, परत तेच. कुलकर्णी कसनुसे झाले. म्हणाले, ही गती मी कधी वापरलीच नाही. त्यांनी यंत्र उलटं करून उघडलं. आत रबराचं एक छोटं चाक, एका बाजूने चपटं झालेलं. ते बदललं की झालं. पण ते चाक बाजारात मिळत नाही, आणि कंपनी ते गॅरंटीतल्या यंत्रालाच पाठवते.

मग गॅरंटीचं कार्ड निघालं. शिमग्यापर्यंतची मुदत होती, म्हणजे होती म्हणायची, कारण शिमगा तोंडावर आलेला. दुकान रत्नागिरीचं. आणि खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं. कुलकर्ण्यांनी वाचून अर्थ सांगितला. गॅरंटी फक्त मूळ खरेदीदाराला, यंत्र दुसऱ्याकडे गेलं की ती संपली. माणूस सरळ होता. म्हणाला, "आजी, घेऊ नका. परवा मी नागपूरला रुजू होतोय, मला रत्नागिरीस जाता येणार नाही. कराडचा एक जण हे असंच न्यायला तयार आहे, त्याला ती गती नकोच आहे."

मी पोळपाटांकडे बघितलं. यंत्र सोडलं तर दुसरं कुठून आणणार, आणि घेऊन ते फिरलं नाही तर वन्संपुढे दुसऱ्यांदा द्रोण घेऊन उभं राहायचं. मी घेतलं. बाईंनी युक्ती सांगितली, दुकानात सांगा मी कुलकर्ण्यांची आत्या. मलाही ती पसंत पडली. रात्री अंथरुणावर मी देशावरचं बोलून बघत होते. "काय ओ", "लई", असं काहीबाही. साठी उलटली तरी वाळवण घालणारी ती सतरा वर्षांची पोरगी माझ्यातून पुरती गेलेली नाही, हे तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

रत्नागिरी

यंत्र खोक्यात, खोकं भाताच्या पेंढ्यात, आंब्याची पेटी भरतात तसं. हमालाला मी टपावर ठेवू दिलं नाही, म्हणून खोकं खिडकीशी बसलं आणि मी कडेला अर्धी बाहेर. संगमेश्वरच्या वळणांवर मी खोक्याला धरलं होतं की खोक्याने मला, ते ड्रायव्हरलाच माहीत.

रत्नागिरीत पोचले तेव्हा भर दुपार आणि बाजारपेठ मिटलेली. आमच्या जिल्ह्याच्या गावाची ही रीत मला फार आवडते. गिऱ्हाईक कितीही लांबून आलेलं असो, दुकानदाराची वामकुक्षी त्याहून मोठी. पायरीवर बसून कुलकर्णीबाईंनी दिलेली भाकरी खाल्ली. चार वाजता प्रभाकरशेट आले, कुलूप काढलं, देवाला उदबत्ती लावली, मग माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, मी पोफळीच्या कुलकर्ण्यांची आत्या. त्यांनी कार्ड बघितलं, यंत्र बघितलं आणि सहज विचारलं, राहता कुठे? मी सहज सांगितलं, केळशीला. आणि सांगण्याचा सूरही अस्सल केळशीचा. "लई" कुठे गेलं कोण जाणे. शेट हसले नाहीत, तेवढा चांगुलपणा त्यांच्यात होता.

"आजी, कुलकर्णीसाहेब सोलापूरचे. त्यांची आत्या केळशीस कशी येईल? विकत घेतलंत ना यंत्र? मग गॅरंटी गेली. मी नाही, कंपनी म्हणते. ज्याने घेतलं त्यालाच."

मी मग खरं ते सगळं सांगितलं, वन्सं, कान, पन्नास वर्षं. शेटना वाईट वाटलेलं दिसलं, पण वाईट वाटणं आणि रबराचं चाक ह्या निराळ्या वस्तू आहेत. त्यांनी कार्ड माझ्याकडे परत सरकवलं. मग विषय बदलायचा म्हणून विचारलं, केळशीत तुमचं काय असतं. म्हटलं, आमचा कलमांचा धंदा. तसे ते खुर्चीत पुढे आले.

त्यांनी गेल्या दिवाळीत बाग घेतली होती, आबलोलीच्या अंगाला. आधीच्या मालकाने त्याच वर्षीच्या पावसात कलमं लावली आणि मुलाकडे मुंबईला राहायला गेला. ती कलमं आमच्याकडची. त्यातली काही वरून वाळली आणि कलम जोडलेल्या सांध्याखालून नुसतं रायवळ, बाठ्याचं मूळ झाड, फुटून आलंय. "पण ती मी घेतलेली नाहीत," शेट म्हणाले, "त्याने घेतली होती. तेव्हा तुमच्याकडे कुठल्या तोंडाने येणार, म्हणून आलो नाही."

आता इथे सांगायला हवं, की आमच्या धंद्याची रीत सासऱ्यांनी घालून दिलेली आहे. वर्षाच्या आत कलम सांध्यावरून गेलं तर बदलून द्यायचं. कोण घेऊन आला ते विचारायचं नाही. जमीन विकली, वाटणी झाली, मालक वारला, कलम तेच असतं. आम्ही सांधा बघतो, माणूस बघत नाही. हे मला लग्नापासून माहीत आहे, पण त्या दुपारी ते इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी अगदी साळसूदपणे म्हटलं:

"शेट, कलम तुम्ही घेतलंत की त्याने, हे झाडाला काय ठाऊक? गेलेली सगळी मिरगाला घेऊन या, बदलून न्या म्हणजे झालं. गॅरंटी कलमाला असते."

एवढं बोलून मी उठले. कार्ड पिशवीत ठेवलं. मग पोळपाट उचलले. मग पिशवीचा बंद नीट केला. मग खोक्याची सुतळी बांधायला घेतली, आणि ती गाठ काही केल्या मला बसेना. आयुष्यभर कलमांच्या गाठी मारलेली बाई मी, पण त्या दिवशी बोटंच चालेनात. शेट पंख्याकडे बघत होते, मग उदबत्तीकडे, मग माझ्या गाठीकडे.

"बसा हो आजी," ते शेवटी म्हणाले. "सोडा ती सुतळी. केळशीची कलमं बदलून घेऊन मी इथे कंपनीचं कार्ड वाचत बसलो तर आमच्या देवापुढे उभं राहायची पंचाईत."

मागच्या खोलीत याच जातीचं एक यंत्र होतं, झाकण फुटलेलं म्हणून कंपनीला परत जायचं. त्याचं चाक काढून त्यांनी माझ्या यंत्राला बसवलं. म्हणाले, कंपनीशी काय ते मी बघेन, ती तिचं बघो, माझ्या दुकानाची गॅरंटी आजपासून यंत्राला. कार्डावर कुलकर्ण्यांच्या नावाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात माझं नाव घातलं आणि वर दुकानाचा शिक्का मारला. बटण फिरवलं, अठ्ठ्याहत्तर. ताटली पळाली आणि पळतच राहिली. मी हात जोडले. यंत्राला की शेटना, ह्याही वेळी सांगता यायचं नाही.

शेटनी एखादी जुनी तबकडी लावून बघू म्हटलं, पोळपाटांकडे हात केला. मी गाठोडं छातीशी धरलं. ते समजले.

केळशी

परतीच्या प्रवासाचं काही सांगत नाही, कारण मी काही बघितलं नाही. मी सारा वेळ खोक्याशी बोलत होते. ह्यांना दारातच सांगून टाकलं, की मिरगाला रत्नागिरीचे एक शेट येतील, त्यांना कलमं बदलून द्यायची आहेत. हे म्हणाले, द्यायचीच, त्यात सांगायचं काय? माझ्या एवढ्या मोठ्या लढाईची ह्यांनी अशी वासलात लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. यंत्र ओटीवर मांडलं. वन्संना न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसायचं होतं, ते नेसल्या. त्यांच्या शिष्या, म्हणजे महालक्ष्मीच्या देवळात त्यांनी आजवर ज्या मुलींना गाणं शिकवलं त्यांतल्या चारदोन आता आज्या झालेल्या, त्याही येऊन बसल्या. मी पोळपाट सोडले. तबकडी काळीभोर, सपाट. मी तिला बोटाने सुद्धा पुसलं नाही.

हेडफोन लावताना वन्सं म्हणाल्या, कानाला डबे कसले बांधतेस. सुई उतरवली. ताटली धावू लागली. हेडफोन लावले की बाहेर काही ऐकू येत नाही, तेव्हा आम्ही सगळ्या नुसत्या वन्संचं तोंड बघत बसलो. पहिल्यांदा काही नाही. मी आवाज वाढवला. मग त्यांचं बोट गुडघ्यावर हललं. ताल धरला. डोळे मिटले आणि तोंडावर असं काही आलं की मला वीस वर्षांची वन्संच दिसली, मुंबईहून नुकती परत आलेली, तबकडी पदरात घेतलेली. मी रडतेय हे शेजारणीने सांगितल्यावर कळलं. मध्येच बोट थांबलं. कपाळाला आठी पडली. मला वाटलं चाक गेलं, वाकून बघितलं, पण ताटली पळत होती. पुन्हा बोट चालू झालं, ते शेवटपर्यंत.

सुई उचलली. वन्संनी डबे काढले. मग हात लांब करून तो द्रोण जवळ ओढला, सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्या तबकडीविषयी माझ्याशी बोलल्या.

"अगो, दुसऱ्या कडव्यात चक्क घसरल्ये मी. हे तेव्हा ऐकलं असतं ना, तर पुन्हा जन्मात तोंड उघडलं नसतं. बरं झालं वाळत घातलीस."